चौथा कोपरा

"हे बोट कायमचं किती वाकलेलं ठेवायचं, ते तुम्ही सांगायचंय," डॉक्टर ओझबोल्ट म्हणाले.

सिरिला वोन्चिनाने आधी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग टेबलावर पालथ्या ठेवलेल्या आपल्या उजव्या हाताकडे. तर्जनीचा मधला सांधा सुजून जांभळट झाला होता. त्या सांध्यापुढचं बोट थोडं वर सरकलेलं दिसत होतं, टेबलाच्या नीट न बसलेल्या खणासारखं.

"मी सांगायचं? डॉक्टर तर तुम्ही आहात."

"सांधा आता वाचत नाही, बाई. एक हाड झिजलंय, दुसरं जागेवरून निसटलंय. दोन्हींची टोकं तासायची आणि एकमेकांना जोडून टाकायची, एवढंच राहिलंय. दुखायचं थांबेल, बोट भक्कम होईल. पण मग ते तिथे वाकणार नाही, आणि सरळही होणार नाही. ज्या वाकात जोडू, त्या वाकात शेवटपर्यंत." त्यांनी बिजागरीचं एक छोटं कोनमापक तिच्या बोटावर धरलं, उघडून दाखवलं, मिटून दाखवलं. "म्हणून विचारतो. या बोटाने तुम्ही काय काय करता?"

सिरिला विचारात पडली. हे म्हणजे डोळ्यांनी काय काय बघता, असं विचारण्यासारखं होतं.

"लेस विणते," ती शेवटी म्हणाली. मग पुढे म्हणाली, "आणि नवऱ्याची दाढी करते."

डॉक्टर हसले नाहीत. "दोन्हीला एकच वाक चालेल?"

तिला माहीत नव्हतं. काम करताना तिने कधी आपल्या बोटाकडे पाहिलंच नव्हतं.

डॉक्टरांनी आतून मऊ अस्तर लावलेली अॅल्युमिनियमची एक पट्टी घेतली, ती हातानेच वाकवली आणि तिच्या बोटाला बांधली. "ही घरी न्या. काही दिवस एका वाकात ठेवून बघा, काही दिवस दुसऱ्या. जो तुम्हाला चालेल तो मला येऊन सांगा. आपण तोच धरू."

ती उठली, कोट खांद्यावर घेऊन दारापर्यंत गेली, तेव्हा ते मागून म्हणाले, "आणि बाई, या वेळी आत घातलेलं काही आपलं आपण काढायचं नाही."

सिरिलाची मान खाली गेली. इद्रियाला, आपल्या गावी, परतणाऱ्या बसमध्ये खिडकीबाहेर वसंत लागलेला होता, पण तिने तो पाहिला नाही. सगळ्या वाटेवर ती मांडीवरच्या पट्टीकडेच बघत राहिली.

बोट मोडलं होतं हिवाळ्यात. रात्री पावसाचं बर्फ झालं होतं आणि सकाळी फ्लोरियान, तिचा नवरा, लाकडं आणायला म्हणून मागच्या पायऱ्यांवर उतरला. त्याचा पाय सरकलेला तिने दारातून पाहिला आणि धावत जाऊन त्याचा पट्टा मागून पकडला. तो थांबला नाही. पट्ट्यात तिचं बोट अडकलं, त्याच्याबरोबर फिरलं आणि वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला.

"माझं काही मोडलं नाही," खालच्या पायरीवर बसून फ्लोरियान म्हणाला. मग त्याने तिचा हात पाहिला.

खाणीत कुणाचं बोट निखळलं की शेजारचा गडी ते ओढून बसवायचा. फ्लोरियाननेही सवयीने दोन्ही हात पुढे केले. ते थरथरत होते. जन्मभर पाऱ्याच्या खाणीत काम केलेल्या माणसाचे हात. खाण बंद पडली तरी थरथर राहिली. 'ही माझी पेन्शन' असं तो तिला म्हणायचा. त्याने हात तिच्या बोटापर्यंत नेले, आपल्याच हातांकडे पाहिलं आणि परत मांडीवर घेतले.

"चल, बसने जाऊ," तो म्हणाला.

ल्युब्लियानाच्या इस्पितळात डॉक्टर ओझबोल्टांनी निखळलेला सांधा जागेवर बसवला. खालच्या हाडाचा एक तुकडा उडाला होता, त्यामुळे सांधा नुसता बसवून टिकणारा नव्हता, पुन्हा निसटला असता. म्हणून त्यांनी एक बारीक पोलादी तार सांध्यातून आरपार घातली आणि तिचं टोक कातडीबाहेर ठेवून हुकासारखं वाकवलं.

"मोडलेला तुकडा धरेपर्यंत ही सांध्याला जागेवर ठेवील," त्यांनी समजावलं. "हाडाने धरलं की हिचं काम संपलं. ईस्टरनंतर या, मी काढीन."

"म्हणजे टाचणीच की," सिरिला म्हणाली.

"अगदी बरोबर. टाचणीच."

इतक्या लवकर समजणारा पेशंट डॉक्टरांना क्वचितच मिळत असेल. ते खूश झाले आणि त्यांनी पुढचं काही सांगितलं नाही.

टाचण्या काय करतात हे सिरिलाला कुणी सांगायची गरजच नव्हती. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी वेताच्या टोपलीत एक गोल लोड असायचा. लोडाला नक्षीचा कागद गुंडाळलेला आणि कागदावरून लोंबणारी लाकडी रिळं, एकेक पेन्सिलीएवढं, गळ्याशी पांढरा दोरा गुंडाळलेलं. दोन हातांत रिळांच्या दोन जोड्या घ्यायच्या, एकमेकींवरून टाकायच्या, पिळायच्या, की दोऱ्यांची एक गाठ होते. ती गाठ नवी असते, तिला ताण सोसत नाही. म्हणून तिथे कागदातून लोडात एक टाचणी खोचायची. मग पुढे जायचं. पुढच्या चार ओळी झाल्या की मागचे दोरे एकमेकांना धरतात आणि टाचणीवरचा ताण जातो.

शनिवारी गल्लीतली चार-पाच मुलं तिच्याकडे शिकायला यायची. लेसच्या मोठ्या शाळेत जायच्या आधी हात वळावा म्हणून आया त्यांना पाठवायच्या. सिरिला त्यांना कधी रागवायची नाही. चुकलेलं उसवायला तिला विणण्याइतकंच आवडायचं. धडा संपताना ती दर वेळी तेच विचारायची.

"टाचणी कधी काढायची?"

"सैल झाली की!" मुलं ओरडायची.

"आणि सैल का होते?"

"दोऱ्यांनी एकमेकांना धरलं म्हणून!"

तेव्हा खिडकीजवळच्या बाकावर फ्लोरियान पेंगत असायचा. रिळांची टकटक चालू असेपर्यंत त्याला छान झोप लागायची. ती थांबली की तो दचकून विचारायचा, "काय झालं?"

त्या वर्षी लोडावर चर्चच्या मुख्य वेदीच्या वस्त्राची किनार होती. जूनमधल्या संत अहाचाच्या सणाला ते वस्त्र घालायचं होतं. किनारीच्या सरळ पट्ट्या गल्लीतल्या बायकांनी वाटून घेतल्या होत्या. शेजारची अल्बीना एक बाजू करत होती, कोपऱ्यावरच्या घरातली युस्तीना दुसरी. पण कोपरे चारही सिरिलाचे. सरळ पट्टी कुणालाही येते. कोपऱ्यावर मात्र सगळी रिळं वळवून नक्षी काटकोनात फिरवायची असते. आतले दोरे आखूड, बाहेरचे लांब, आणि ताण दोन्हींवर सारखा. ते सिरिलाच्या हाताला जमायचं. तीन कोपरे झाले होते. चौथा अर्धा, लोडावर.

बायका संध्याकाळी एकमेकींकडे येऊन काम बघून जायच्या. त्यांचं बघणं म्हणजे भांडणच.

"अगं सिरिला, हे काय, गोणपाट विणतेयस?" अल्बीना दारातूनच ओरडायची.

"तुझी पट्टी बघून शिकले."

"माझी पट्टी! त्यातून निदान उजेड तरी येतो. तुझ्या कोपऱ्यातून माशी जायची नाही."

"माशीला चर्चमध्ये काय काम?" युस्तीना म्हणायची आणि मग तिघी बसून एकमेकींच्या टाक्यांची सालं काढायच्या. चांगलं झालेल्या कामाला कुणी चांगलं म्हणत नसे. म्हणायचं कशाला? दिसतंच की.

बोटाला तार घातल्यानंतर सिरिलाचा लोड तसाच राहिला. ईस्टरच्या आदल्या आठवड्यात ती बोटाची मलमपट्टी बदलत होती, तेव्हा तारेचं टोक बोळ्याच्या धाग्यात अडकलं आणि हललं. तिने पुन्हा हलवून पाहिलं. तार सैल झाली होती. ती कातडीत शिरत होती तिथे थोडं पिवळट पाणी होतं, पण दुखत फारसं नव्हतं.

"फ्लोरियान, धरलं बघ," ती म्हणाली.

"काय धरलं?"

"हाडाने. तार सैल झालीय."

फ्लोरियानने मान वर केली. "ईस्टरनंतर म्हणाले होते ना ते?"

"अरे, ईस्टर चार दिवसांवर आलाय. त्यांना तिथून काय दिसतंय? ते तारीख सांगणार. मी एवढी वर्षं टाचण्या काढतेय, मला कळत नाही?"

"तरी पण…"

"तरी पण काय? तिकडे कोपरा पडलाय अर्धा. तू बस गप."

हट्टी टाचण्या काढायला तिच्याजवळ बारीक पक्कड होती. ती तिने उकळत्या पाण्यातून काढली, डाव्या हातात धरली आणि तार ओढली. काहीच जोर लागला नाही. तिला इतका आनंद झाला की ती हसली. तार धुऊन, पुसून तिने टाचण्यांच्या पत्र्याच्या डबीत टाकली. पोलाद चांगलं होतं, फेकायचं कशाला? आणि त्याच दुपारी ती लोडापाशी बसली. रिळांची टकटक सुरू झाली, फ्लोरियानचे डोळे मिटले.

ईस्टरच्या गोड पावाचं, पोतित्साचं, पीठ मळताना बोटात काहीतरी घसरलं. तिने तसंच मळून संपवलं. सण संपेपर्यंत बोट फुगलं.

ईस्टरनंतरच्या त्या भेटीत, वाकाचं विचारण्याआधी, डॉक्टर ओझबोल्टांनी एक्स-रे दिव्यावर लावला आणि ते त्यावर वाकले.

"तार सैल झाली होती," सिरिला म्हणाली. "म्हणून काढली. सैल झाली म्हणजे धरलं ना?"

तेव्हा डॉक्टर तिच्याकडे वळले. चिडलेले नव्हते; चिडले असते तर तिला सोपं गेलं असतं.

"हाड म्हणजे दोरा नाही, बाई," ते हळू म्हणाले. "हाडातली तार सैल होते, ती हाडाने धरलं म्हणून नाही. तिच्याभोवतीचं हाड विरघळलं म्हणून. ते पिवळं पाणी दिसलं होतं ना, तेव्हाच माझ्याकडे यायचं."

अॅल्युमिनियमच्या पट्टीची गोष्ट गल्लीत एका दिवसात पसरली. अल्बीना झ्लिक्रोफींचा डबा घेऊन आली. बटाट्याच्या सारणाचे ते छोटे कानोले दाबून मिटायला दोन बोटं धड लागतात, हे तिला माहीत होतं.

"म्हणजे बोट तू सांगशील तसं बनवून देणार?" ती म्हणाली. "मला सांग, मी माझ्या नाकासाठी जाते."

"तुझ्या नाकाला सगळे कोन आहेत आधीच," फ्लोरियान म्हणाला.

सिरिला हसली, पण तिचं लक्ष पट्टीकडे होतं. अल्बीना गेल्यावर तिने पट्टी चांगली वाकवून घेतली आणि रिळं हातात घेतली. सुजलेल्या बोटाने विणता येत नव्हतं, पण धरता येत होतं. दोन रिळं तळहातात बरोबर बसली, एक बोटाच्या खाली, एक वर, जशी नेहमी बसायची. ती तशीच बसून राहिली, डोळे मिटून. दोऱ्याचं वजन ओळखीचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे फ्लोरियानची दाढी. लग्न झाल्यापासून त्याने चेहऱ्यावर एक केस ठेवला नव्हता. पारा दाढीत बसतो आणि तिथून नाकात जातो, असं त्याचं म्हणणं. हात थरथरायला लागल्यावर त्याने एकदा स्वतःचा गाल कापून घेतला आणि तेव्हापासून सिरिलाने वस्तरा हाती घेतला. जर्मनीत राहणाऱ्या त्यांच्या मुलीने विजेचं यंत्र पाठवलं होतं. ते एकदाच चाललं. "गवत कापायला चांगलं आहे," म्हणून फ्लोरियानने ते कपाटात टाकलं. न्हाव्याकडे तो जात नसे, कारण त्याची मानही हलायची, थोडी, एका लयीत. न्हाव्याला ती लय माहीत नव्हती. सिरिलाला होती. मान एका बाजूला झुकून थांबायची, त्या थांबण्यात ती वस्तरा ओढायची आणि मान परत फिरायच्या आत उचलायची.

तिने साबण लावला, वस्तरा घेतला. वस्तऱ्याच्या पाठीवर तर्जनी लांब टेकवायची असते, म्हणजे पातं गालाशी निजतं. वाकलेल्या बोटाचा सांधा मध्ये आला. पातं उभं राहिलं. हनुवटीखाली लाल रेघ उमटली.

"काही नाही, काही नाही," फ्लोरियान म्हणाला.

तिने पट्टी सरळ करून घेतली आणि उरलेली दाढी झक्क झाली. मग हात पुसून ती लोडापाशी गेली. सरळ बोटातून रिळं घसरून खाली पडली, एकामागून एक.

पुढचे कितीतरी दिवस ती पट्टी वाकवत आणि सरळ करत राहिली. मधल्या वाकात एकही काम धड होत नव्हतं. एका संध्याकाळी ती टेबलाशी तशीच बसलेली पाहून फ्लोरियानने आपला कप खाली ठेवला. कपात कॉफी नेहमीसारखी अर्धीच होती, म्हणजे सांडत नाही.

"दाढी वाढवतो मी," तो म्हणाला.

"तू?"

"मी. का? मला शोभणार नाही?"

"पारा बसेल."

"खाण बंद झाली, म्हातारे. पाऱ्याला म्हणावं, दुसरी दाढी शोध."

सिरिलाने त्याच्या गालावरून डाव्या हाताचा पंजा फिरवला. दोन दिवसांचे खुंट हाताला टोचले. त्याची मान एका बाजूला झुकली, थांबली, परत फिरली.

"लेस कर तू," तो म्हणाला. "दाढीला कोण बघतंय? कोपरा तेवढा कर."

डॉक्टर ओझबोल्टांनी तिने दाखवलेला, रिळं धरायचा वाक कोनमापकाने मोजला आणि दोन्ही हाडं तासून त्याच वाकात जोडली. या वेळी तारा कातडीखाली राहिल्या. बाहेर ओढायला काही नव्हतं.

संत अहाचाच्या सणाला वेदीवर जुनंच वस्त्र घातलं. पाद्रीबाबांनी बायकांना विचारलं, चौथा कोपरा दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायचा का? अल्बीनाने त्यांना असं काही सुनावलं की त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. सिरिलाला ती एवढंच म्हणाली, "कोपरा तुझाच आहे. पुढच्या वर्षी घालू वस्त्र. देव कुठे पळून चाललाय?"

उन्हाळा गेला. फ्लोरियानची दाढी पांढरी आली, हनुवटीवर मात्र विचित्र पिवळट. आरशासमोरून जाताना तो मान फिरवायचा. सूप पिताना दाढीत थेंब अडकायचे आणि ते त्याला पुसता यायचे नाहीत; सिरिला पुसायची.

शरद ऋतूत डॉक्टरांनी शेवटचा एक्स-रे पाहिला. "अप्रतिम जुळलंय," ते म्हणाले आणि खरोखर खूश झाले. "हे आता मोडायचं नाही. कामाला लागा."

ती दुसऱ्याच दिवशी कामाला लागली. लोडावरचं फडकं काढलं, धूळ झटकली, रिळं मोकळी केली. बोट दुखत नव्हतं. रिळं बोटात बसली, अगदी ठरवल्याप्रमाणे. फ्लोरियान बाकावर येऊन बसला आणि त्याने डोळे मिटले.

पहिल्या ओळी तिने हळू केल्या. वेग येईल, असं तिने स्वतःला सांगितलं. वेग आला नाही, पण ते तिला चाललं असतं. न चालणारं होतं ते दुसरंच. पट्टी बांधून तिने रिळं धरून पाहिली होती, विणून नव्हे. विणताना ते बोट प्रत्येक पिळाला उघडायचं, मिटायचं, रिळाला पुढे ढकलायचं, दोरा ओढून बसवायचं, आणि हे इतकं भरभर की तिला स्वतःलाही कधी दिसलं नव्हतं. त्या बोटाला एक असा वाक कधी नव्हताच. आता ते एका जागी थांबलं होतं आणि बाकीचा हात त्याला वळसा घालून काम करत होता. उजवीकडच्या दोऱ्यांवर ताण राहत नव्हता.

तिने उसवलं. पुन्हा केलं. उसवायचा तिला कधीच कंटाळा नव्हता. पाऊस सुरू झाला, डोंगरावर पहिलं बर्फ दिसलं आणि ती त्याच चार बोटं जागेवर विणत आणि उसवत राहिली. मधल्या बोटाने काम घेऊन पाहिलं. रिळांच्या गळ्याला मेण लावून पाहिलं. शेवटी एकदा तिने न उसवता पुढे नेलं.

शनिवारी मुलं आली. धडा संपताना त्यांनीच विचारलं, "मावशी, आज टाचणीचं नाही विचारलंस?"

"सांगा, कधी काढायची?"

"सैल झाली की!"

सिरिलाने हातातलं रीळ खाली ठेवलं. "हो," ती म्हणाली. "पण काढायच्या आधी मला दाखवायची. प्रत्येकाने."

"का?" छोट्या नेझ्काने विचारलं.

"असंच. मला बघायला आवडतं."

ख्रिसमसच्या आधी कोपरा पूर्ण झाला. संध्याकाळी अल्बीना आणि युस्तीना आल्या. बाहेर पायऱ्यांवर बूट आपटून बर्फ झाडताना अल्बीनाचा आवाज आला, "बघू या राणीसाहेबांचा कोपरा! माशी जाते का बघू!"

सिरिलाने दिवा लोडाजवळ ओढला.

दोघी वाकल्या. अल्बीनाने चष्मा लावला. अल्बीनाने बोट पुढे केलं, उजवीकडच्या सैल पडलेल्या जाळीपर्यंत नेलं आणि न लावताच मागे घेतलं.

"छान झालाय," ती म्हणाली.

"खूप छान," युस्तीना म्हणाली.

सिरिलाने दोघींकडे पाहिलं. अल्बीना चष्मा पुसत होती. तिला तो पुसायची गरज नव्हती.

"गोणपाट नाही ना?" सिरिलाने विचारलं.

"छे गं. काहीतरीच काय. सुंदर आहे." अल्बीनाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. एवढ्या वर्षांत ती तिच्याशी अशी कधी बोलली नव्हती. "तू थकली असशील. आम्ही निघतो."

"कॉफी ठेवते ना."

"नको नको. तू बस."

दार अगदी हळू लावून त्या गेल्या. एरवी अल्बीना दार आपटायची आणि फ्लोरियान मागून शिव्या द्यायचा. आज त्याने दाराकडे पाहिलं, मग सिरिलाकडे.

"आवडला त्यांना," तो म्हणाला.

"हो."

"मग?"

थोडा वेळ तिने दिव्याखाली हात उताणा ठेवला. बोट छान दिसत होतं. सूज नव्हती, शस्त्रक्रियेची रेघ बारीक, वाक डौलदार. रीळ धरल्यासारखं दिसत होतं, रीळ नसताना.

"युस्तीनाला सांगेन," ती शेवटी म्हणाली. "तुझी सरळ पट्टीच वाढवून कोपऱ्यावर चुण्या घालून फिरव म्हणावं. मागच्या अंगाला भिंतीकडे येतो तो कोपरा. कुणाला दिसत नाही."

"तुला दिसेल."

"मला काय, मी मागच्या बाकावर बसते."

मग तिने कात्री घेतली आणि रिळांचे दोरे कापायला सुरुवात केली, जोडी जोडीने. सुटलेली रिळं टोपलीत पडत गेली. ती झाल्यावर तिने पक्कड घेतली. कोपरा लोडावरून उतरवायचा, तर टाचण्या काढायलाच हव्या होत्या.

"डबी दे रे."

फ्लोरियानने फळीवरून टाचण्यांची डबी काढली आणि तिच्याजवळ येऊन उभा राहिला. एरवी तो ती टेबलावर ठेवून परत बाकावर जायचा. आज त्याने ती दोन्ही हातांत धरून तिच्यापुढे केली. त्याचे हात थरथरत होते आणि पत्र्याच्या डबीत टाचण्या खुळखुळत होत्या. त्यांच्यातच ती लांब तारही कुठेतरी होती, तिचा आवाज थोडा जाड येत होता.

सिरिलाने पहिली टाचणी ओढली, डबीत टाकली. दुसरी ओढली. उजवीकडच्या सगळ्या सैलच होत्या. टाचण्या निघाल्या तशी जाळी तिथे आपोआप खाली बसत गेली.

"टेबलावर ठेव ती," ती म्हणाली. "हात दुखतील."

"असू दे," तो दाढीतून म्हणाला. "तेवढाच आवाज."

तिने वर पाहिलं नाही. त्याचे हात एका बाजूला झुकून क्षणभर थांबले, तेवढ्यात तिने तिसरी टाचणी डबीत टाकली.